डावा हात बटणावर

५ जानेवारी १९८१, सोमवार

आलो एकदाचा! अंबाजोगाईहून रात्रभर एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण सकाळी पिंपरीजवळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची धुराडी दिसायला लागली आणि सगळा शीण पळाला. सयाजीराव, म्हटलं, आता इथंच झेंडा रोवायचा.

खोली चिंचवडगावात मिळाली आहे, कुसुमताईंकडे. बाई फटकळ, पण चहा फक्कड करतात. पहिल्या कपालाच विचारून घेतलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग पाणी तुमचं तुम्हीच भरायचं, नळ पहाटे येतो.

कंपनी भोसरीत. कंपनी म्हणजे काय, एक लांबलचक पत्र्याची शेड आणि पुढं कडुलिंबाचं झाड. मालक अण्णासाहेब पूर्वी एका मोठ्या कारखान्यात फोरमन होते. तिथं प्रेसखाली माणसांची बोटं जाताना त्यांनी पाहिली आणि तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला, जिथं माणूस हात घालतो तिथं यंत्राचा हात घालायचा. तो हात इथं तयार आहे. लोखंडाची दोन जाड बोटं, आतून रबर, मागं छोटी मोटर आणि स्क्रू. सगळे त्याला पंजा म्हणतात. पत्रा उचलतो, ठेवतो, पण किती दाबायचं ते त्याचं त्याला कळत नाही. ते मोटरला सांगणारी एक पेटी आहे, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती पेटी कशी तपासायची ते ठरवणं, हे माझं काम. डिप्लोमाची शाई वाळली नाही तोवर असलं काम! आपलं नशीबच थोर.

पंजा ज्यांनी हातानं घडवला ते फिटर रहिमानभाई. निघोज्याहून येतात, सायकलनं. मी साहेबी थाटात एक हात पुढं केला, तर त्यांनी तो आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला, जरा वेळ धरून ठेवला आणि मग स्वतःचा हात छातीला लावला. मी ओशाळलोच. म्हणाले, आमच्यात याला मुसाफा म्हंतात साहेब, येका हातानं सलाम अर्धाच ऱ्हातो. तळवे कानशीसारखे खरखरीत, पण ऊबदार.

९ जानेवारी, शुक्रवार

काल गुरुवार, म्हणजे इथली सुट्टी. दुनियेला रविवार आणि भोसरीला गुरुवार! त्या दिवशी तारांच्या दुरुस्तीसाठी वीज दिवसभर बंद, म्हणून कारखानेही बंद. एरवी हातोडे, प्रेस, ग्राइंडर यांचा एवढा कल्ला असतो की शेजारच्याला हाक मारायची तर कानाशी जावं लागतं. काल पेन विसरलं म्हणून गेलो तर पत्र्यावर कावळा चालल्याचं ऐकू येत होतं. पहारेकरी चिमाजी म्हणाला, गुरवारी हितं करमत न्हाई साहेब, मशिनी मेल्यावानी वाटत्यात.

चाचण्यांचा आराखडा बसवायला घेतला. आधी पंजा रिकामा उघड-मीट करायचा. मग वजन देऊन. मग तो काही धरून अडला असताना मोटरमध्ये वीज किती जाते ते काट्यावर पाहायचं, कारण वीज जास्त गेली म्हणजे पकड जास्त. दुपारच्या उन्हात पत्रा तापल्यावर पेटीचं डोकं फिरतं का तेही. दाब मोजायचं उपकरण परदेशातून यायचंय, ते परवान्यात अडकलंय. तोवर काय करायचं? मंडईतून वांगी आणली! वांगं न चेपता उचललं तर पेटी पास. कुसुमताईंना सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, सरकारनं शिकवलं ते वांगी दाबायला होय?

अण्णासाहेबांना मात्र कल्पना पसंत पडली. गडी कामाचा आहे, असं रहिमानभाईंजवळ म्हणाले म्हणे. मी आज शीळ घालत घरी आलो.

१९ जानेवारी, सोमवार

आज एक भानगड झाली. लिहून ठेवतो म्हणजे डोक्यातून जाईल.

पंजानं वांगं मस्त धरलं होतं. तेवढ्यात शेजारच्या फोर्जिंगवाल्यानं आपली मोठी मोटर चालू केली, आमचे दिवे मिचकले, वीज गेली आणि लगेच आली. आली तशी काटा सरळ शेवटच्या टोकाला जाऊन आपटला आणि वांग्याचं भरीत झालं. भिंतीवर बिया उडाल्या.

मी मुद्दाम मेन स्विच खाली-वर करून पाहिलं. दर वेळी नाही होत, पण होतं. वीज परत येते तेव्हा पेटी क्षणभर भांबावते आणि सगळी ताकद मोटरला देऊन मोकळी होते. आराखड्यात मी पाचवी चाचणी घातली होती, वीज जाऊन आली तर काय होतं ती. पण ती नीट करायची, दोष शोधायचा, पेटी बदलायची म्हणजे महिना तरी जाणार. आणि पुढच्या आठवड्यात पिंपरीहून गिऱ्हाईक पंजा बघायला येणार आहे. अण्णासाहेबांनी त्यावर सगळी भिस्त ठेवलीय. मला सारखं विचारतात, सयाजी, सगळं ठीक ना? मी म्हटलं, एकदम.

पाचवी चाचणी खोडली. गिऱ्हाईक जाऊ दे, मग शांतपणे करू. दोन मिनिटांच्या कौतुकसोहळ्यात वीज जायची ती काय!

२४ जानेवारी, शनिवार

आपल्या डोक्याची कमाल आहे! गिऱ्हाइकापुढं वांगी काय उचलून दाखवायची? मी सुचवलं, पंजानं माणसाशी हात मिळवायचा. लोखंडाचा हात आणि माणसाचा हात, न दुखवता. अण्णासाहेब खुर्चीतून उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

हात कुणी द्यायचा? रहिमानभाई आपणहून म्हणाले, माझंच लेकरू हाय ते, मीच देतो. मी नियम घालून दिला. उजवा हात पंजात, डावा हात बटणावर. बटण दाबलं की पंजा उघडतो. आज तालीम केली, झकास झाली. रहिमानभाई म्हणाले, साहेब, तुमच्यापरीस मऊ धरतोय ह्यो.

वीज जायची गोष्ट जिभेवर आली होती. पण सगळे एवढे खुशीत होते. उगाच कशाला?

२८ जानेवारी, बुधवार

जमेल तसं लिहितो.

गिऱ्हाइकांचे चार साहेब आले. हार झाले, पेढे झाले. रहिमानभाई धुतलेला शर्ट घालून आले होते. पंजासमोर उभे राहिले, उजवा हात दिला. पंजा मिटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत रहिमानभाई हसले आणि त्यांनी सवयीनं, आयुष्यभराच्या सवयीनं, बटणावरचा डावा हात उचलून पंजावर ठेवला. दोन्ही हातांनी. आणि शेजारची मोटर चालू झाली. दिवे मिचकले.

तो आवाज मला लिहिता येणार नाही.

मेन स्विच अण्णासाहेबांनी स्वतः धावत जाऊन पाडला. पंजा तसाच आवळलेला. त्याच्या मागचा स्क्रू असा आहे की वीज नसताना बाहेरून ओढून बोटं उघडत नाहीत. पान्यानं सोडवावं लागलं आणि त्याला वेळ लागला. उजवा हात मनगटापासून गेला. डाव्याची दोन बोटं स्क्रूत गेली.

जीपमध्ये घालताना अण्णासाहेबांनी माझा दंड धरून विचारलं, हे कसं झालं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की, त्यांनी डावा हात बटणावरून काढला.

खोटं नाही ते. सगळ्यांनी पाहिलंय.

३० जानेवारी, शुक्रवार

झोप नाही. कुसुमताईंनी ताट तसंच परत नेलं.

आज अण्णासाहेबांनी शेडचं दार लावून पुन्हा विचारलं. म्हणाले, मशीनचा दोष असेल तर आत्ता बोल. मी त्याला जन्मभर सांभाळीन, कंपनी गहाण पडली तरी बेहत्तर. पण चूक त्याची असेल तर सरकारी निरीक्षकापुढं मला तसंच सांगावं लागेल आणि मग त्याला इथं ठेवता यायचं नाही. खरं काय ते सांग.

एवढं सरळ विचारलं त्या माणसानं. मी भिंतीकडं बघत होतो. तिथं अजून वांग्याचा डाग आहे. म्हणालो, मशीन ठीक आहे.

का म्हणालो? नोकरी जाईल म्हणून. गावात तोंड दाखवता येणार नाही म्हणून. दुसरं काही नाही. स्वतःची लाज वाटते, पण लाजेनं कुणाचं पोट भरत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं होतं की आज गुपचूप पेटी उघडून दोष काढून टाकायचा. निरीक्षकानं मशीनला हात लावू नका म्हणून सांगितलंय, उघडपणे काही करता येत नाही. शिवाय दुरुस्ती केली म्हणजे दोष होता हे आलंच. चिमाजीला म्हटलं, डबा राहिलाय.

शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. वीज बंद. भर दुपार, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडलेले. काल निघताना पंजा उघडा होता, हे मी शपथेवर सांगतो. आज मिटलेला होता. हवेला धरून.

मी म्हटलं, कुणीतरी चाळा केला असेल. पेटीजवळ गेलो. तेव्हा तो उघडला. मोटरचा आवाज नाही, काही नाही. मागचा स्क्रू आपला आपण फिरत गेला, सावकाश, आणि बोटं फाकली. आपण कुणाला या म्हणतो ना, तशी.

डबा न घेताच आलो. चिमाजीनं विचारलं, डबा कुठाय? काय सांगू कप्पाळ.

८ फेब्रुवारी, रविवार

आज रजा टाकून निघोज्याला गेलो. जायला नको होतं. नाही, जायलाच हवं होतं. चाकणपर्यंत एसटी, पुढं पायी.

रहिमानभाई ओट्यावर बसले होते. उजव्या हाताला मनगटाशी पांढरं गाठोडं, डाव्यालाही पट्ट्या. त्यांच्या बायकोनं, ताजुन्निसाभाभींनी, मला खाट टाकली, चहा दिला. नवऱ्याला बशीनं त्याच पाजत होत्या. मला बघून रहिमानभाईंचे डोळे भरून आले. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

ते माझी माफी मागायला लागले! म्हणाले, साहेब, तुमी धा येळा सांगितलं हुतं, डावा हात बटनावर. माझीच अक्कल म्येली. माझ्यापाई तुमच्या मशिनीचं नाव खराब झालं. माफ करा. भाभी खाली मान घालून म्हणाल्या, रात्री झोपेतबी त्येच बोलत्यात, डावा हात, डावा हात.

तेवढ्यातही त्यांनी एक चेष्टा केली. तुटलेला हात त्यांच्या रिवाजाप्रमाणं पांढऱ्या कपड्यात गुंडाळून गावच्या कबरस्तानात पुरलाय. म्हणाले, आमी मागनं येतो म्हनून आदी हाताला जागा धराया धाडलंय.

निघताना त्यांनी दोन्ही हात पुढं केले. ते गाठोडं आणि त्या पट्ट्या. मुसाफ्याला. माझा हात त्या दोहोंमध्ये होता आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. एक शब्द! काय दगड आहे मी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा गेलो. आज काही झालं तरी पेटी उघडायचीच म्हणून. पेटी पंजाच्या मागं आहे, तिच्या झाकणाचे स्क्रू काढायचे तर हात पंजाच्या बोटांमधूनच न्यावा लागतो. म्हटलं वीज बंद आहे, घाबरायचं काय. घातला.

मिटला.

चेपला नाही. वांग्याला धरायचा तसा धरला. मी ओढलं, सुटेना. रबर थंड असायला हवं ना, सकाळची थंडी होती. ते ऊबदार होतं. आणि खरखरीत.

मग माझ्या हाताच्या मागच्या बाजूला, जिथं काहीच नव्हतं, मी बघत होतो, तिथं काही नव्हतं, तिथं दुसरा तळवा येऊन टेकला. त्याला दोन बोटं कमी होती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग आपण होऊन सुटला. छातीला हात लावायला जेवढं मागं जावं लागेल तेवढा मागं गेला.

मी ओरडलो नाही. कुणी आलं असतं, विचारलं असतं, इथं काय करतोस म्हणून.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज कळलं ते कळलं नसतं तर बरं होतं.

बाकावर एक जादा पेटी पडून आहे, हुबेहूब तशीच. जेवणाच्या सुट्टीत तिला मोटर जोडली. एवढंच बघायचं होतं की डावा हात बटणावर असता तर पंजा उघडला असता की नाही. म्हणजे माझ्या मनाला— उघडला असता, असं दिसलं असतं तर निदान मी खोटारडा नाही एवढं तरी—

बटण दाबून धरलं. वीज घालवली, आणली. काटा टोकाला. पुन्हा. पुन्हा टोकाला. पेटी भांबावते तेव्हा ती बटणाचंही ऐकत नाही. पुरता आवळून झाल्यावर ऐकते.

म्हणजे डावा हात बटणावर असता तरी उजवा गेलाच असता. बटणावर ठेवला काय, न ठेवला काय. आणि तो माणूस झोपेत स्वतःलाच बोल लावतोय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

निरीक्षक आले. मला विचारलं. अण्णासाहेब माझ्या तोंडाकडं बघत होते.

आता सांगायचंच म्हणून गेलो होतो. देवाशपथ. तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं. डावा हात बटणावर नव्हता.

मशीन निर्दोष. रहिमानभाई कामावरून कमी. अण्णासाहेबांनी पेटीला लाखेचं सील लावलं. म्हणाले, निर्दोष ठरलेल्याला आता कुणी उघडून बघायचं नाही.

निरीक्षकांनी जाताना माझ्याशी हात मिळवला. मी झटकन मागं घेतला. त्यांच्या एका हाताला दोन तळवे होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो नाही. दिवसभर खोलीत. उजवा हात उशीखाली.

तरी धरला.

कुसुमताई चहा घेऊन आल्या. माझ्या हाताच्या मागच्या बाजूला बघत राहिल्या. विचारलं, हे वळ कसले? मी म्हटलं, झोपेत दबला. म्हणाल्या, अशी बोटं उठतात होय झोपेत? आणि तीनच कशी? मग हळू आवाजात म्हणाल्या, सयाजी, बाळा, काही केलंयस का?

पहिल्यांदाच बाळा म्हणाल्या. मी दाराला कडी लावून घेतली. खाई त्याला खवखवे. आई म्हणायची.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गिऱ्हाईक पुन्हा येतंय. शुक्रवारी. मशीन निर्दोष म्हटल्यावर त्यांना तोच हात मिळवायचा खेळ बघायचाय. कल्पना कुणाची होती? माझी. हात दाखवून अवलक्षण.

रहिमानभाईंच्या घरचं कुणी उपाशी राहू नये म्हणून अण्णासाहेबांनी ताजुन्निसाभाभींच्या भावाला कामावर घेतलंय. अन्वर. तीन लेकरांचा बाप. शुक्रवारी हात तो देणार.

सांगू? सांगितलं तर १७ तारखेचं खोटं उघडं पडतं. मग तुरुंगच. नाही सांगितलं तर अन्वरचा—

गुरुवारी. गुरुवारी सील तोडून पेटीच फोडून टाकतो. पेटी नाही तर खेळ नाही. कुणाला काही सांगायला नको. हेच बरं.

म्हणजे अजूनही मी तेच बघतोय. सांगायला कसं लागणार नाही ते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अन्वर भेटला. दोन्ही हातांनी. तोही.

मी म्हटलं, उद्या नाही, परवा, एकच हात द्यायचा. तो म्हणाला, ठावं हाय साहेब. दाजींनी घोकून घ्येतलंय माझ्याकडनं. डावा हात बटनावर. काय बी झालं तरी हलवायचा न्हाई.



२६ फेब्रुवारी, गुरुवार

डाव्या हातानं लिहितोय. वेडंवाकडं आहे. रोजनिशी खिशात होती म्हणून. गप्प राहिलो तर वेड लागेल म्हणून.

पेटी फोडायला आलो. हातोडा घेऊन. मारायला हात मागं नेला तेव्हा पंजानं तो वाटेतच— हातोडा पडला. माझा उजवा हात आत आहे. मऊ धरलाय. मागून दुसरा तळवा. जात नाही. या वेळी सोडत नाही.

पान्याचा बाक लांब. पाय पुरत नाही. पाहिलं.

मेन स्विचच्या खोलीला कुलूप, किल्ली चिमाजीकडं. चिमाजी गावात भाकरी खायला गेलाय. स्विच वर आहे. म्हणजे तारेत वीज आली की थेट—

संध्याकाळी येते. कधी लवकर येते.

ऊन दाराकडं सरकलंय.

माझी पाचवी चाचणी. हे मीच—

पायांचा आवाज. चिमाजी आला. देव पावला.

चिमाजी नाही. रहिमानभाई.

दारात उभे आहेत. म्हणतायत, उद्या अन्वर हात देनार, घरी बसवंना, म्हटलं बटन नीट हाय का येकदा बघून जावं. मला बघितलं. धावत आले. शिवी नाही, प्रश्न नाही. कसं अडकलं साहेब, एवढंच.

पाना आणायला गेले. उचलता येत नाही त्यांना. दोनदा पडला. मनगटाच्या थोटक्यानं आणि राहिलेल्या बोटांनी. पडल्याचा आवाज. मला बघवत नाही.

म्हटलं, चिमाजीला हाक मारा. त्यांनी दारातून हाक मारली. कुणी नाही. म्हटलं, मग जा तुम्ही, इथं थांबू नका. म्हणतायत, तुमास्नी टाकून कुटं जाऊ?

थोटका हात पंजात घालतायत. माझ्या हाताशेजारी. बोटं फाकवायला बघतायत.

नको. काढा. काढा म्हटलं. ऐकत नाहीत. का ऐकतील, कारण सांगत नाही मी. कारण सांगायचं तर—

तोंडातून निघत नाही. लिहून पुढं धरलं. त्यांना वाचता येत नाही. हसले. म्हणतायत, या टायमाला लिहायचं काय सुचतंय साहेब.

शेजारच्या शेडमधला पंखा फिरायला लागला. त्यांची लाईन आधी येते. मग आमची.

रहिमानभाईंनी तो ऐकला. माझ्याकडं वाकून म्हणाले, भिऊ नका साहेब. या बारीला चुकनार न्हाई. डावा हात बटनावरच ठिवलाय.

ठेवलाय. त्या बोटांनी दाबून धरलाय. आणि दुसरा आत.

सांगतो. आता सांगतो. मोठ्यांदा. भाई, हात काढा, चूक तुमची नव्हती, ते बटण काही—